अपरिचित नावाचा अर्थ कसा शोधावा: आधी मूळ, मग अर्थ

'आरव' या नावापुढे 'शांत' असा अर्थ दिलेला नावांच्या अनेक याद्यांत आढळतो. संस्कृत कोश उघडला, तर 'आरव' म्हणजे आवाज, आरोळी, गर्जना. 'रु' या धातूचा अर्थ आवाज करणे असा आहे, त्यापासून 'रव' हा शब्द झाला, आणि ज्याने 'कलरव' हा शब्द वाचला आहे त्याला तो परकाही वाटणार नाही. यादीतील अर्थ नुसता चुकलेला नाही, तो नेमका उलटा आहे. यामुळे नाव वाईट ठरत नाही. तान्ह्या मुलाला 'आरव' म्हणणे उलट फारच समर्पक आहे. मात्र ज्यांनी शांततेसाठी हे नाव निवडले, त्यांना कोणीतरी चुकीची माहिती दिली, हे खरेच.

अशा चुका होण्याचे मुख्य कारण म्हणजे आपण प्रश्नच उलट्या क्रमाने विचारतो. नाव कानावर पडले की 'अर्थ काय?' हा प्रश्न पहिला येतो. पण अर्थ हा कोणत्या तरी भाषेतील शब्दाला असतो, आणि ती भाषा कोणती हे ठरलेले नसेल, तर अक्षरांच्या त्याच जुळणीला चार भाषांत चार अर्थ मिळू शकतात. म्हणून एका नावाबाबत तीन निरनिराळे प्रश्न निरनिराळे ठेवावेत: शब्द कोणत्या भाषेतून आला, त्या भाषेत त्याचा अर्थ काय, आणि तो नाव म्हणून का ठेवला गेला. तमिळनाडूतील नेते एम. के. स्टालिन यांचा जन्म १ मार्च १९५३ रोजी झाला आणि सोव्हिएत नेते जोसेफ स्टालिन यांचे निधन त्याच वर्षी ५ मार्चला झाले. 'स्टालिन' या शब्दाचे मूळ रशियन भाषेतील पोलाद या अर्थाच्या शब्दात आहे. पण मुलाचे नाव ठेवताना पोलाद कोणाच्या मनात नव्हते, ती व्यक्ती होती. मूळ, अर्थ आणि कारण या तिन्हींची उत्तरे येथे वेगवेगळी आहेत, आणि तीनही खरी आहेत.

पुढील पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी पहिली: नाव नेमके लिहून घ्यावे

हे काम क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच ते टाळले जाते. रोमन लिपीत लिहिलेले नाव पाहून शोध सुरू करू नये, कारण त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ, श-ष-स, त-ट, द-ड हे सगळे भेद पुसले जातात. 'शिला' म्हणजे दगड, तर 'शीला' हे 'शील' म्हणजे चारित्र्य या शब्दावरून आलेले आहे. 'दिनेश' हा दिवसाचा स्वामी, म्हणजे सूर्य. 'दीनानाथ' हा दीनांचा नाथ. एका वेलांटीने सूर्याचा संबंध गरिबाशी लागतो. 'ईशा' म्हणजे स्वामिनी, देवी. 'ईषा' म्हणजे नांगराचा किंवा गाडीचा दांडा. आणि अरबीतील 'इशा' ही रात्रीच्या नमाजाची वेळ. रोमन लिपीत ही तिन्ही बहुधा एकाच पद्धतीने लिहिली जातात, आणि त्यातूनच 'या नावाचे तीन अर्थ आहेत' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अर्थ तीन नाहीत, नावेच तीन आहेत.

ज्यांचे नाव आहे ती व्यक्ती किंवा तिचे वडीलधारे हयात असतील, तर त्यांच्याकडून चार गोष्टी विचारून घ्याव्यात: घरात नावाचा उच्चार कसा करतात, ते प्रथम कोणत्या लिपीत लिहिले गेले, कोणी सुचवले आणि साधारण कोणत्या वर्षी. वर्षाला फार महत्त्व आहे. एखादे नाव अमुक मालिकेतील पात्रावरून आले असे कोणी सांगत असेल आणि ते नाव धारण करणारी व्यक्ती त्या मालिकेच्या वीस वर्षे आधी जन्मलेली असेल, तर तो तर्क तेथेच संपतो.

पायरी दुसरी: भाषांचे उमेदवार मांडावेत

आता एका कागदावर, हे नाव ज्या ज्या भाषांतून आलेले असू शकेल त्या सगळ्या भाषा लिहाव्यात. पहिली जुळणी सापडली की थांबण्याचा मोह होतो. तो आवरून किमान तीन भाषा तपासाव्यात.

'समीर' हे याचे सर्वात सोपे उदाहरण आहे. संस्कृतात समीर म्हणजे वारा. अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पागोष्टींत सोबत करणारा. दोन्ही अर्थ त्या त्या भाषेत शंभर टक्के बरोबर आहेत आणि दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोणता अर्थ लागू करायचा हे अक्षरांवरून कधीच कळणार नाही; ते कुटुंबाची भाषा, भावंडांची नावे आणि नाव सुचवणारी व्यक्ती यांवरूनच ठरते. तसेच 'माया'चे. गौतम बुद्धांच्या आईचे नाव माया होते, आणि ग्रीक पुराणकथांत हर्मीस या देवाची आई मैया आहे. दोघीही थोर पुत्रांच्या माता असल्यामुळे संबंध जोडण्याचा मोह होतो खरा, पण हे केवळ कानाला जाणवणारे साम्य आहे.

याच्या उलट, अजिबात सारखी न दिसणारी नावे सख्ख्या नात्याची असू शकतात. 'रुक्मिणी' हे नाव 'रुक्म' म्हणजे झळाळणारे सोने या शब्दावरून आले आहे आणि त्याच्या मुळाशी 'रुच्' म्हणजे प्रकाशणे हा धातू आहे. इराणी शाखेत याच मुळापासून 'रोशन' हा शब्द झाला; सिकंदराची पत्नी रुक्साना हिच्या नावाचाही अर्थ तेजस्वी असा लावला जातो. लॅटिनमधील प्रकाशवाचक 'लुक्स' हा शब्द याच कुळातला, आणि त्यावरून युरोपात 'लूसी' हे नाव आले. रुक्मिणी आणि लूसी या चुलत बहिणी आहेत, असे कोणी सांगितले तर प्रथम हसू येते. पण ध्वनिबदलांचे नियम पाहिले की ते मान्य करावे लागते. 'अर्जुन' म्हणजे शुभ्र, आणि लॅटिनमध्ये चांदीला असलेला 'आर्जेंटुम' हा शब्द त्याचाच नातलग. तात्पर्य असे की साम्य दिसणे हा पुरावा नव्हे, आणि साम्य न दिसणे हाही पुरावा नव्हे.

काही नावे एका भाषेतून निघून दुसरीत इतकी रुळतात की त्यांचा प्रवास दिसेनासा होतो. 'मिहिर' म्हणजे सूर्य. वराहमिहिराच्या नावामुळे हा शब्द आपल्याला अस्सल संस्कृत वाटतो. प्रत्यक्षात तो इराणी 'मिह्र'वरून आला आहे, आणि 'मिह्र' हे 'मिथ्र' या देवतेच्या नावाचे पुढचे रूप आहे. त्या मिथ्राचा वैदिक भाऊ 'मित्र' आपल्याकडे आधीपासून होताच. म्हणजे एकाच मुळाची दोन रूपे, एक घरी राहिलेले आणि एक बाहेरून फिरून आलेले, संस्कृतात शेजारी शेजारी नांदत आहेत. 'हंबीरराव' या भारदस्त मराठी नावातील 'हंबीर' हे 'हम्मीर'चे रूप, आणि 'हम्मीर' हे अरबी 'अमीर' या शब्दाचे संस्कृतात बसवलेले रूप असल्याचे अभ्यासक मानतात.

बोलींत झिजलेली नावेही याच पायरीवर ओळखावी लागतात. 'कृष्ण'चे प्राकृतात 'कण्ह' झाले आणि त्यावरून कान्हा व कान्होजी. 'रुक्मिणी'ची रखमा आणि रखुमाई झाली. 'शंभू'चा संभाजी झाला. असे नाव थेट संस्कृत कोशात शोधले तर सापडणार नाही, आणि सापडत नाही म्हणून ते निरर्थकही ठरत नाही.

पायरी तिसरी: शब्द फोडावा

भाषा ठरली की नावाचे घटक वेगळे करावेत. संस्कृत नावांत हे काम सर्वात रंजक आणि सर्वात घसरडे असते, म्हणून येथे थोडे अधिक रेंगाळतो.

प्रथम आरंभीचा उपसर्ग पाहावा. 'दुर्योधन' या नावातील 'दुर्' पाहून 'वाईट योद्धा' असा अर्थ करणारे पुष्कळ भेटतात. येथे 'दुर्' म्हणजे वाईट नसून कठीण: ज्याच्याशी लढणे कठीण तो दुर्योधन. तसाच ज्याला आवरणे कठीण तो दुःशासन. कोणताही राजा आपल्या मुलांची नावे 'वाईट लढणारा' आणि 'वाईट राज्य करणारा' अशी ठेवणार नाही, एवढा साधा विचारही येथे उपयोगी पडतो. 'अ' या उपसर्गाबाबत आणखी सावध राहावे. 'अनिरुद्ध' म्हणजे ज्याला अडवता येत नाही असा. हा नकार गौरवाचा आहे. 'अनय' या नावात मात्र 'नय' म्हणजे नीती, आणि त्याचा नकार म्हणजे अनीती. संस्कृत कोशांत 'अनय' या शब्दाला दुर्वर्तन, दुर्दैव असेच अर्थ मिळतात. 'अनाया' हे नाव हिब्रू 'अनाया'वरून (देवाने उत्तर दिले) किंवा अरबी 'इनाया'वरून (काळजी, कृपा) आलेले असेल, तर त्याला हा आक्षेप लागू होत नाही. मूळ आधी ठरवावे, असा आग्रह धरण्याचे कारण हेच.

त्यानंतर समासाचा विग्रह करावा. 'हिमांशु' म्हणजे बर्फाचा किरण नव्हे, तर ज्याचे किरण थंड आहेत तो, म्हणजे चंद्र. बहुव्रीही प्रकारच्या समासात नाव ज्या वस्तूकडे बोट दाखवते ती वस्तू शब्दाच्या बाहेर असते, हे विसरले की अर्थ पाऊलभर आधीच थांबतो. येथे 'अंशु' म्हणजे किरण आणि 'अंश' म्हणजे भाग, हा भेदही लक्षात ठेवावा. अलीकडे 'अंश' लावून घडवलेल्या नावांना सरसकट 'किरण' असा अर्थ चिकटवला जातो. 'दिव्यांशु'ला तो चालेल, 'दिव्यांश'ला चालणार नाही.

कधी एकाच नावाचे दोन विग्रह संभवतात. 'हृषीकेश' याचा 'हृषीक' म्हणजे इंद्रिये आणि त्यांचा 'ईश' असा विग्रह परंपरेत सर्वाधिक मान्य आहे; 'ज्याचे केस उभे राहिलेले आहेत' असाही एक विग्रह सांगितला जातो. दोन्ही नोंदवावेत, आणि प्रचलित कोणता हे सांगावे. 'ऋषिकेश' असे लिहिले की मात्र दोन्ही विग्रह हातचे जातात आणि उरतात ते फक्त ऋषीचे केस. हे रूप आता इतके रूढ आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. शोध घेताना मात्र 'ह'पासूनच सुरुवात करावी.

मधल्या अक्षरांकडेही लक्ष द्यावे. 'धनंजय', 'मृत्युंजय', 'विश्वंभर', 'अरिंदम' यांतील अनुस्वार उगाच आलेला नाही. धन जिंकणारा, मृत्यूला जिंकणारा, विश्वाचे भरणपोषण करणारा, शत्रूचे दमन करणारा, अशी क्रिया आणि तिचे कर्म यांची गाठ तो दाखवतो. 'युधिष्ठिर' या नावात तर 'युधि' हे सप्तमीचे रूप समासात जसेच्या तसे राहिले आहे: युद्धात स्थिर असलेला.

शेवटी प्रत्यय. पहिला स्वर ताणलेला दिसला की अपत्यवाचक नाव असू शकते, हे हातात धरण्यासारखे सूत्र आहे. जनकाची जानकी, विदेहाची वैदेही, द्रुपदाची द्रौपदी, सुमित्रेचा सौमित्र, पृथेचा पार्थ. 'गार्गी' याचा अर्थ याद्यांत 'विदुषी' असा दिलेला असतो. वास्तविक गार्गी म्हणजे गर्गाच्या कुळातली. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारणारी गार्गी विदुषी होती, म्हणून तिचा गुण तिच्या नावाला चिकटला. नाव गाजवणाऱ्या व्यक्तीचा गुण पुढे नावाचा अर्थ म्हणून सांगितला जातो, हे असंख्य नावांच्या बाबतीत घडलेले आहे. 'पार्थ' म्हणजे शूर नव्हे. शूर होता तो अर्जुन.

पायरी चौथी: कोशात पाहावे, आणि योग्य ठिकाणी पाहावे

संस्कृतसाठी मोनियर विल्यम्स यांचा कोश (विस्तारित आवृत्ती १८९९) आणि वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश, तर फारसीसाठी स्टाइनगास यांचा १८९२ चा कोश, इतकी सामग्री बहुतेक कामाला पुरते. यांतील मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि स्टाइनगास शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात, तर मोनियर विल्यम्स कोलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशसंग्रहात विनामूल्य पाहता येतो. पौराणिक व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या प्राचीन चरित्रकोशाला पर्याय नाही.

नाव ज्या रूपात आपण वापरतो, त्या रूपात ते संस्कृत कोशात असेलच असे नाही. 'भगवान' हा 'भगवत्'खाली, 'यशस्वी' हा 'यशस्विन्'खाली, 'अर्यमा' हा 'अर्यमन्'खाली शोधावा लागतो. या नियमाने काही गमतीदार गोष्टी उघड होतात. 'सविता' हे 'सवितृ' या शब्दाचे प्रथमेचे एकवचन, आणि सवितृ हा पुरुषदेव, सूर्य. शेवटी आलेला 'आ' पाहून आपण ते स्त्रीचे नाव मानले. 'गरिमा' आणि 'महिमा' हेही संस्कृतात पुल्लिंगी शब्द आहेत, 'गरिमन्' व 'महिमन्'. मराठीत आपण 'नामाचा महिमा' असे पुल्लिंगीच म्हणतो, तरी मुलीचे नाव 'महिमा' ठेवताना कोणाला अडखळल्यासारखे होत नाही, आणि होऊही नये. नावाचे लिंग नाव वापरणारे ठरवतात. कोश फक्त शब्दाचे लिंग सांगतो.

मोनियर विल्यम्स वापरताना एक खूण अवश्य शिकून घ्यावी. काही अर्थांपुढे रोमन 'एल' हे अक्षर आणि टिंब असते. त्याचा अर्थ असा की हा अर्थ केवळ जुन्या कोशकारांनी दिलेला आहे, प्रत्यक्ष ग्रंथांतील वापरातून तो आढळलेला नाही. नावांच्या याद्यांत येणारे कितीतरी दुर्मीळ आणि मोहक अर्थ या खुणेचे असतात. ते खोटे नसतात, पण त्यांचे वजन कमी धरावे. तसेच नोंदीत 'अमुकाचे नाव' एवढेच असेल, तर कोशाने अर्थ दिलेला नाही, फक्त ते नाव कोणाचे होते हे सांगितले आहे, हे ध्यानात घ्यावे. 'विष्णूचे एक नाव' हा कोणत्याही शब्दाचा अर्थ नसतो.

पायरी पाचवी: नाव कोठे वापरले गेले ते पाहावे

कोशातील अर्थ मिळाल्यावर जुना वापर शोधावा. 'अपाला', 'घोषा', 'लोपामुद्रा' ही आज क्वचित ऐकू येणारी नावे ऋग्वेदातील आहेत: अपाला आठव्या मंडलातील ९१ व्या सूक्तात, घोषा दहाव्या मंडलातील ३९ आणि ४० या सूक्तांशी, तर लोपामुद्रा पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्ताशी निगडित आहे. 'अपाला' याचा शब्दशः अर्थ जिला रक्षणकर्ता नाही अशी. हा अर्थ ऐकून काही जण नाव बाजूला ठेवतात. सूक्त वाचले तर स्वतः सोम चावून थेट इंद्राला साद घालणारी आणि त्याच्याकडून हवे ते मिळवणारी मुलगी दिसते. निर्णय ज्याचा त्याने करावा, पण दोन्ही गोष्टी पाहून करावा.

जुन्या ग्रंथांतच नावाची व्युत्पत्ती दिलेली असते तेव्हा विशेष सावधगिरी हवी, कारण ती अनेकदा कथेच्या सोयीने दिलेली असते. पौराणिक राजा मांधाता जन्मला तेव्हा त्याला दूध कोण पाजणार असा प्रश्न पडला, आणि इंद्र आपले बोट त्याच्या तोंडात देऊन 'माम् अयं धास्यति', म्हणजे 'हा मला चोखेल' असे म्हणाला, म्हणून तो मांधाता, असे महाभारत सांगते. कथा सुरेख आहे. व्युत्पत्ती म्हणून ती नावावरून मागे रचलेली दिसते. 'वेंकट' या शब्दाची 'वें म्हणजे पाप आणि कट म्हणजे जाळणारा' अशी फोड पुराणांत येते, परंतु 'वेंगडम' हे त्या डोंगराचे तमिळ नाव तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथाच्या प्रास्ताविकातही तमिळ प्रदेशाची उत्तर सीमा म्हणून आलेले आहे. संस्कृतात 'वें' म्हणजे पाप असा शब्द स्वतंत्रपणे कोठे मिळत नाही, यावरून दिशा कळते.

असे असले तरी ग्रंथांतील ही स्पष्टीकरणे टाकून देऊ नयेत. विराटपर्वात उत्तराला आपली ओळख पटवताना अर्जुन आपली दहा नावे आणि त्यांची कारणे स्वतःच सांगतो. देश जिंकून धन मिळवले म्हणून धनंजय, फल्गुनी नक्षत्रावर जन्म झाला म्हणून फाल्गुन, युद्धात बीभत्स असे कृत्य कधी केले नाही म्हणून बीभत्सु. यांतील शेवटचे नाव आज कोणी मुलाला ठेवणार नाही, कारण 'बीभत्स' हा शब्द त्यात ठळक ऐकू येतो. पण नावाचा त्या काळी काय भाव होता, हे व्याकरणापेक्षा या उताऱ्यातून अधिक चांगले कळते. प्रत्येक नाव एखाद्या धातूपासूनच आले पाहिजे का, यावर यास्काच्या 'निरुक्त' या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथातच दोन पक्ष मांडले आहेत: सर्व नामे धातूंपासून झाली असे शाकटायन म्हणतो, सर्वच नव्हेत असे गार्ग्य म्हणतो. माझा कल गार्ग्याकडे आहे.

पायरी सहावी: नाव अर्थासाठी ठेवलेच नव्हते का, हे तपासावे

सगळे कोश पालथे घालूनही सुंदर अर्थ निघत नसेल, तर नाव वेगळ्याच हेतूने जन्मलेले असू शकते. घानातील अकान लोकांत मुलाचे नाव जन्मवारावरून ठेवतात. 'कोफी' म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ रोजी झाला आणि त्या दिवशी शुक्रवारच होता.

दुसरा प्रकार संरक्षक नावांचा. मुले दगावत असतील, तर अनिष्ट शक्तीला चकवण्यासाठी मुद्दाम हलके किंवा दिशाभूल करणारे नाव दिले जाते. मंगोलियन भाषेत 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे' आणि 'नेरगुई' म्हणजे 'नाव नसलेला'. मराठीतील धोंडू, दगडू, केरू ही याच जातीची नावे. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेप आणि त्याचे दोन भाऊ, शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल, या तिघांच्याही नावांत कुत्र्याचे शेपूट आहे. त्यामागेही अशीच काही समजूत असावी, असे मानण्यास जागा आहे. अशा नावाचा शब्दार्थ सांगून थांबणे म्हणजे ते नाव ठेवणाऱ्या आईवडिलांवर अन्याय करणे होय.

तिसरा प्रकार घडवलेल्या नावांचा. सोव्हिएत काळात 'लेनिन' हे नाव उलटे वाचून 'निनेल' हे मुलींचे नाव तयार झाले. 'व्हॅनेसा' हे नाव जोनाथन स्विफ्ट याने एका परिचित स्त्रीच्या नाव-आडनावाचे तुकडे जोडून कवितेसाठी रचले, आणि त्याचे दुसरे कोणतेही मूळ नाही. काही नावे तर चुकीतून जन्मली आहेत: 'इमोजेन' हे शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या छापील संग्रहात 'इनोजेन'ऐवजी पडलेले रूप असावे, कारण १६११ मध्ये प्रयोग पाहिलेल्या एका प्रेक्षकाने आपल्या टिपणात 'इनोजेन' असेच लिहिले आहे. आपल्याकडचे 'अजिंक्य' हे नाव चुकीतून नव्हे, पण संकरातून आले आहे. 'जिंकणे' हे मराठी क्रियापद घेऊन त्याला संस्कृत पद्धतीचा 'अ' आणि 'य' लावला आहे. संस्कृतात त्याच अर्थाने 'अजेय' म्हणतील. म्हणून संस्कृत कोशात 'अजिंक्य' सापडत नाही, आणि तरी ते आज कोणत्याही संस्कृत नावाइतकेच धडधाकट आहे.

पायरी सातवी: नोंद लिहावी

शोध पुरा झाला की निष्कर्ष एका ओळीत न लिहिता तीन प्रश्नांना तीन उत्तरे, आणि प्रत्येक उत्तरापुढे 'निश्चित', 'संभाव्य' किंवा 'केवळ ऐकीव' यांपैकी एक शेरा, अशी नोंद करावी. अलीकडे वारंवार विचारल्या जाणाऱ्या 'कियान' या नावाची माझ्या वहीतील नोंद नमुन्यादाखल देतो, कारण तिने मला दोनदा मत बदलायला लावले.

याद्यांत या नावाला 'देवाची कृपा' आणि 'प्राचीन' असे दोन अर्थ दिसतात, आणि भाषा म्हणून संस्कृत लिहिलेले असते. संस्कृत कोशांत या अर्थाचा असा शब्द मिळत नाही. तेव्हा पहिल्या फेरीत मी 'नवे घडवलेले नाव' असा शेरा मारला. दुसऱ्या फेरीत उमेदवारांत आयरिश भाषा घातली. तेथे 'किअन' हे जुने नाव आहे, आयरिश पुराणकथांत लूग या वीराच्या पित्याचे, आणि त्या शब्दाचा अर्थ दीर्घ, चिरकालीन असा आहे. यादीतला 'प्राचीन' तेथून उचलला गेला असावा आणि भाषेचा रकाना भरताना संस्कृत पडले असावे. 'देवाची कृपा' कोठून आली, याचा आधार मिळाला नाही, म्हणून तो 'केवळ ऐकीव'. तिसऱ्या फेरीत फारसी पाहिली. तेथे 'कय' म्हणजे राजा आणि 'कियान' हे त्याचे अनेकवचन. फिरदौसीच्या शाहनाम्यातील कयकुबाद, कयकाऊस, कयखुस्रो हे राजे याच कयानी वंशातले. हा 'कय' अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातील 'कवि' या राजपदवीवरून आला आहे, आणि अवेस्तातील तो 'कवि' आणि संस्कृतातील 'कवि', म्हणजे द्रष्टा, हे एकच शब्द आहेत. म्हणजे ज्या संस्कृत मुळाचा दावा यादीने केला होता ते खोटे निघाले, आणि फारसीतून वळसा घेऊन मी पुन्हा आपल्याच एका शब्दापाशी येऊन उभा राहिलो.

तेव्हा नोंद अशी झाली. मूळ: फारसी किंवा आयरिश, कुटुंबागणिक वेगळे; संस्कृत नव्हे, निश्चित. अर्थ: फारसीत 'राजे', आयरिशमध्ये 'चिरकालीन', दोन्ही निश्चित, 'देवाची कृपा', केवळ ऐकीव. कारण: नाव ठेवणाऱ्यांना विचारावे. हा तिसरा रकाना प्रत्येक कुटुंबासाठी नव्याने भरावा लागतो, आणि माझ्या वहीत तो बहुतेक नावांपुढे अजून रिकामाच आहे.